कच्ची फेरी

गल्लीत त्याला सगळे हळूराव म्हणत. तोंडावर म्हणत आणि त्याला त्याचा राग येत नसे. "हळूराव, संध्याकाळपर्यंत मिळेल का हो सायकल?" असं कुणी विचारलं, की तो मान वर न करता म्हणे, "नावातच उत्तर आहे."

त्याचं सायकलदुरुस्तीचं दुकान गावाच्या शेवटच्या चौकाच्या अलीकडे होतं. चौक ओलांडला की रस्ता डावीकडे वळून घाटात उतरायचा. दुकानातून घाट दिसत नसे, पण दिवसभर ऐकू येई. ट्रक खाली जाताना गिअर बदलत, ब्रेक कण्हत आणि मग आवाज एका वळणाआड बुडून जाई. तो बुडालेला आवाज पुढच्या वळणावर परत वर येईपर्यंत हळूरावचा हात पान्यावर थांबलेला असे. आपण थांबलोय हे त्याच्या लक्षातही येत नसे.

तो भित्रा होता. इतर माणसं सायकलीकडे बघतात तेव्हा त्यांना रंग दिसतो, चाकं दिसतात. त्याला ती कुठे मोडेल ती जागा आधी दिसायची. नळीच्या आत एकेक तार तुटत चाललेली ब्रेकची केबल. वरून घट्ट वाटणारा आणि आतून आटे झिजलेला बोल्ट. रात्री घरी येऊन एक बूट काढल्यावर त्याला एखादा बोल्ट आठवे, आणि तो तोच बूट परत चढवून दुकानाकडे निघे.

"जा, जा," बायको आतून म्हणे. "बोल्ट बिचारा वाट बघत असेल. मी जेवून घेते."

बायको एका दवाखान्यात एक्स-रे काढायची. तिच्याकडे दिवसभर मोडलेली हाडं येत आणि ती त्यांच्याबद्दल घरी येऊन बोले, दुकानदार मालाबद्दल बोलतो तसं. "आज तुमच्या धंद्यातलं एक आलं होतं. कॉलरबोन. दोन तुकडे."

त्याचा घास थांबे. "सायकल कुठली होती?"

"मी सायकलचा एक्स-रे काढत नाही हो."

ती हसे. तो हसत नसे. तो माणूस आपल्या दुकानात कधी आला होता का, हे तो अंथरुणावर पडल्या पडल्या आठवत राही.

या भीतीतूनच त्याची काम करायची एक पद्धत तयार झाली होती. वाकडं हँडल बसवण्यात त्याचा हातखंडा होता. वाकडं हँडल म्हणजे लांब पल्ल्याच्या सायकलींना असतं ते, मेंढ्याच्या शिंगांसारखं पुढे जाऊन खाली वळलेलं. त्यावर ब्रेक आणि गिअर बदलायचे लिव्हर एकत्रच असतात, रबरी बोंडांत बसवलेले. माणसाचे पंजे तासन् तास त्या बोंडांवर टेकतात. हँडल जरा खाली कललेलं असलं की मनगट मोडतं, जरा वर असलं की खालच्या वाकावरून ब्रेक हाती लागत नाही. बोंडं जास्त लांब असली की माणूस कोपरं ताठ ठेवून बसतो, आणि मग रस्त्यातला प्रत्येक खड्डा थेट मानेत जातो. हे मोजून जमत नाही असं हळूरावचं मत होतं. तो माणसाला सायकलवर बसवायचा, डोळे मिटायला लावायचा आणि सांगायचा, "हात सोडून दे. पुढे टाक. बघू कुठे पडतात." हात जिथे पडत तिथे तो बोंडं आणायचा.

मग कच्ची फेरी. बोल्ट जेमतेम आवळायचे. जोर लावला की हँडल फिरेल, पण सपाट रस्त्यावर सावकाश चालवता येईल, एवढेच. माणसानं दुकानाला एक वळसा घालून यायचं आणि सांगायचं. मग हँडल केसभर वर किंवा बोंड केसभर आत. परत फेरी. माणूस बोलायचा थांबला, की मग पक्कं आवळायचं. हँडलवरची पट्टीसुद्धा तो लगेच गुंडाळत नसे. आठवडाभर उघड्या हँडलनं चालव म्हणे, शरीर लबाड असतं, पहिल्या दिवशी खरं सांगत नाही.

फक्त त्याला एक धास्ती होती. कच्च्या बोल्टांवर कुणी चौक ओलांडला तर?

त्यावर उपाय त्याच्या मेहुणीनं सुचवला. बायकोची ही धाकटी बहीण दातांच्या कवळ्या बनवायची. "गावातले अर्धे म्हातारे माझ्या दातांनी हसतात," ती म्हणे. त्यांच्या कारखान्यात मेणात बसवलेली कच्ची कवळी असली की तिला लाल चिठ्ठी लावत. चिठ्ठी आहे तोवर कुणी तिला हात लावायचा नाही. चिठ्ठी काढली म्हणजे काम पुरं. "तुम्ही एक लाल फीत ठेवा ना भावोजी. हँडलला बांधा. फीत आहे तोवर चौक बंद."

त्याला ते इतकं पटलं की त्याच दिवशी त्यानं फीत आणली. एकच आणली. एका वेळी एकच सायकल कच्ची करायची, हा त्याचा नियम होता.

*

त्या वर्षी मेहुणीनंच जुनी, वाकड्या हँडलची एक सायकल घेतली. सायकल चांगली होती, पण आधीच्या उंच मालकाच्या मापाची. पंधरवड्यात ती दुकानात आली आणि स्टुलावर बसून उजव्या हाताकडे बघत राहिली.

"भावोजी, करंगळी जाते हो."

"कुठे जाते?"

"थट्टा नको. मुंग्या येतात. तासाभरानं करंगळी आणि शेजारचं बोट, दोन्ही नसल्यासारखी होतात. रविवारी चालवली की सोमवारीसुद्धा. काल मेणात दात बसवताना सुरी हातातून पडली, मला कळलंच नाही. मालकीण बघत होती."

त्यानं तिचा पंजा हातात घेतला आणि बघितला, डॉक्टर बघतात तसा नव्हे, एखादा भाग तपासावा तसा. "ताईला सांगितलंस?"

"ती सगळ्याचा फोटोच काढेल. तुम्ही सायकल बघा. सायकलनं होत असेल तर सायकल सोडते. पण सायकलनं नसेल..." तिनं वाक्य सोडून दिलं. "बोटं गेली तर मी काय करू? दुसरं काही येत नाही मला."

पुढच्या रविवारी सकाळी त्यानं तिची सायकल धरली. हँडल पुढे ओढून धरणारा आडवा तुकडा बदलून आखूड घातला. बोंडं वर घेतली, जरा आतल्या बाजूला वळवली, म्हणजे मनगट सरळ राहावं. तिचे पंजे लहान म्हणून ब्रेकचे लिव्हर स्क्रूनं जवळ आणले. फीत बांधली. ती फेरी मारून आली.

"मान?"

"बरी."

"करंगळी?"

"आहे. नमस्कार सांगितलाय तुम्हाला."

"डावं बोंड?"

"जरा टोचतंय. की माझंच टोचतंय कोण जाणे."

त्यानं हँडल धरून ठेवणारे समोरचे चार बोल्ट परत सैल केले, हँडल केसभर वर घेतलं आणि बोटांनी फिरतील तेवढेच परत फिरवले. "हात काळे झालेत तुझे. मागे नळावर धुऊन ये. मग शेवटची फेरी."

ती मागे गेली. तेवढ्यात बँकेतून निवृत्त झालेले काका आले. काका म्हणजे तोंड. त्यांना हँडल उंच करून हवं होतं आणि आत्ताच हवं होतं.

"काका, आज एक काम चाललंय."

"अरे दोन मिनिटं! वाकून वाकून माझी पाठ प्रश्नचिन्ह झालीय. नुसतं वर कर. मी आता बसतो आणि जातो."

काकांनी स्वतःच सायकल स्टँडला लावली. हळूरावला नाही म्हणता येत नसे, हीही भीतीचीच एक जात. त्यानं काकांचं हँडल सैल केलं, वर घेतलं, आणि काका लगेच एक पाय टाकून बसायला लागले.

"थांबा! कच्चं आहे!"

"मला वाटलं झालं."

हा माणूस पाठ वळली की निघून जाईल. काहीतरी खूण हवी. हात आपसूक शेजारच्या हँडलकडे गेला, लाल फीत सोडली आणि काकांच्या हँडलला बांधली. मग तो वाकून काकांच्या मागच्या चाकात हवा भरायला लागला. पंपाचं यंत्र जुनं होतं. ते चालू असलं की दुकानात दुसरं काही ऐकू येत नसे. त्या आवाजात मागून मेहुणी काहीतरी म्हणाली, त्यानं वर न बघता हात केला.

यंत्र बंद केलं. तो उठला. शेजारची जागा रिकामी होती.

"गेली ती," काका म्हणाले. "निघते म्हणाली."

"फेरीला गेली असेल."

तो दारात येऊन उभा राहिला. वळसा घालून यायला फार वेळ लागत नाही. कोपऱ्यावरून एक कुत्रं आलं. एक बाई आली, हातात पाण्याचा कॅन. मग कुणीच नाही. त्यानं मागे वळून बघितलं तेव्हा त्याला काकांच्या हँडलवरची फीत दिसली.

त्याला सगळं एकदम कळलं. ती हात पुसत बाहेर आली. तिनं हँडल बघितलं. फीत नव्हती. फीत नाही म्हणजे काम पुरं, शेवटची फेरीही नको. तिनं हात लावूनही बघितलं नसेल. खुणेवर विश्वास ठेवणं हेच तिचं काम होतं, आणि ही खूण तर तिचीच होती.

आज खालच्या पुलापर्यंत जाऊन येईन, असं ती सकाळीच म्हणाली होती.

*

त्यानं फोन लावला. वाजत राहिला. परत लावला. मग बायकोला लावला. रविवारीही तिची पाळी होती.

"अगं, तुझी बहीण फोन घेत नाहीये."

"मग? चालवत असेल."

"तिकडे..." त्याला शब्द सापडेना. "तिकडे कुणी आलं नाही ना आत्ता?"

पलीकडे स्ट्रेचरची चाकं वाजली. "इकडे म्हणजे एक्स-रेला? ती का येईल?" आणि मग, अगदी हळू, "अहो. काय केलंत तुम्ही?"

"मी बघून येतो," म्हणत त्यानं फोन ठेवला. काका काहीतरी बोलत होते. त्यानं स्वतःची काळी, आडव्या दांड्याची सायकल काढली आणि बोल्ट आवळायची षट्कोनी किल्ली खिशात टाकली.

तो चौकात आला आणि चौक ओलांडला. आजवर हा घाट तो फक्त बसमधून उतरला होता, तोही डोळे मिटून.

पहिलं वळण. तो दोन्ही ब्रेक दाबून उतरत होता, रबर जळाल्याचा वास येत होता. डावीकडे डोंगर आणि पाण्याचं गटार, उजवीकडे गुडघाभर उंचीचा कठडा आणि त्यापलीकडे फक्त हवा. काय होतं ते त्याला क्रमानं माहीत होतं, आणि तेच वाईट होतं. सपाटीवर काहीच होत नाही. उतारावर माणूस ब्रेक दाबतो. ब्रेक दाबताना सगळं अंग पुढे येतं, सगळं वजन पंज्यांवर. कच्चे बोल्ट ते वजन क्षणभर सांभाळतात. मग हँडल एकदम खाली फिरतं, बोंडं हाताखालून निघून जातात, आणि वजन घेऊन आलेल्या माणसाला थांबवायला काही उरत नाही. बायको घरी सांगायची ती हाडं त्याला आठवली. ती अशीच, पुढे केलेल्या हातांपासून मोडायला लागतात.

दुसऱ्या वळणाआड एक ट्रक रस्त्याच्या कडेला उभा होता आणि तीन-चार माणसं खाली वाकून काहीतरी बघत होती.

त्यानं सायकल तशीच टाकली आणि तो धावला. माणसांच्या मधून त्यानं बघितलं. चाक होतं. ट्रकचं, वाफाळणारं. एक जण त्यावर पाणी ओतत होता.

"एक बाई... सायकलवर..."

"गेली की खाली," ड्रायव्हर म्हणाला. "घंटी वाजवून गेली. जोरात नव्हती तशी." मग त्याच्या तोंडाकडे बघून म्हणाला, "अहो, पाणी प्या जरा. तुम्हीच पडाल."

तो परत निघाला. आता घाट तीव्र झाला होता. वारा खालून वर येत होता आणि त्यात कसलाच आवाज नव्हता. प्रत्येक वळणाला तो आधी कठड्याकडे बघे, खरचटल्याची ताजी खूण आहे का, मग पलीकडे. एका ठिकाणी पलीकडच्या झुडपात काहीतरी लाल दिसलं, तो थांबला, ते जुनं प्लॅस्टिक होतं. आपण तिला हाक मारतोय हे त्याला स्वतःचा आवाज ऐकू आल्यावर कळलं. ओरडणारा माणूस तो नव्हताच.

पुढच्या वळणाच्या तोंडाशी सायकल होती. डोंगराच्या बाजूला, गटारात पुढचं चाक घालून उभी. हँडल खाली लोंबलेलं होतं, मान मोडल्यासारखं. माणूस नव्हतं.

मग त्याला ती दिसली. सायकलीच्या पलीकडे, डोंगराला पाठ लावून, गुडघे पोटाशी घेऊन ती बसली होती. उजवा पंजा तोंडाशी होता.

"लागलं? कुठे लागलं?"

"भावोजी." ती त्याच्याकडे बघत होती, पण कुठूनतरी लांबून. "वळणाच्या आधी ब्रेक दाबायचा, तुम्हीच सांगितलं होतं. दाबला, आणि हात खाली गेले. हळू होते म्हणून गटारात घालता आली." तिच्या पोटरीवर पेडलचे दात ओढले गेले होते, रक्त वाळायला लागलं होतं. "मला वाटलं बोटं गेली."

"काय?"

"हँडल नाही, बोटं. वाटलं, पकड सुटली. आता ती येतच नाहीत." तिनं पंजा पुढे केला. प्रत्येक बोटाच्या टोकावर दातांचे लाल वण होते. "मी इथे बसून एकेक चावून बघत होते."

तो खाली बसला. "फीत मी सोडली. काकांच्या सायकलला बांधली. बोल्ट नुसते बोटांनी फिरवलेले होते. तुझी बोटं नाहीत गं ती. मी आहे तो."

वरच्या ट्रकचं इंजिन सुरू झालं, दोघांनी एकदम वर बघितलं. ट्रक त्यांच्याजवळून जाईपर्यंत जमीन थरथरत राहिली.

"काका," ती शेवटी म्हणाली. "एका म्हाताऱ्याच्या पाठीपायी."

"बोल, काय बोलायचं ते."

"घरी गेल्यावर ताई बोलेल. मी कशाला दम घालवू?" मग पंजाकडे बघत म्हणाली, "म्हणजे बोटं ठीक आहेत?"

"मुंग्या आहेत का आत्ता?"

तिनं करंगळी वाकवली, सरळ केली. "नाहीत." तिला आत्ताच ते लक्षात आलं होतं. "इथवर आले, आणि नाहीत."

तिनं पुढचं चाक गुडघ्यांमध्ये धरलं आणि त्यानं हँडल वर आणलं. बोंडं मघाच्या जागी आली. चार बोल्ट. एक वरचा डावा, मग खालचा उजवा, आळीपाळीनं, थोडं थोडं, म्हणजे फट वर-खाली सारखी राहावी. मग रबर उलटं करून त्याखालचे लिव्हरचे बोल्ट. मग परत पहिले चार.

"आता चालत वर जाऊ," तो म्हणाला.

"मी खाली जाणार."

"वेडी आहेस का तू?"

"भावोजी, आज चालत वर गेले ना, तर उद्या कारखान्यात सुरी हातात घेतली की मला वाटणार, हँडल नव्हतंच ते, बोटंच होती. तुम्ही शंभरदा सांगा." तिनं सीट धरली. "मला पण भीती वाटतेय. सांगू का किती? तोंडाला चव नाहीये. पक्कं झालंय ना?"

"ठीक वाटतंय."

"ठीक वाटतंय नको."

हा शब्द तो कधीच कुणाला देत नसे. पक्कं कुणालाही म्हटलं नव्हतं त्यानं. ठीक वाटतंय, बघा चालवून, काही वाटलं तर या, एवढंच. तो सायकलच्या समोर उभा राहिला, दोन्ही बोंडांवर पंजे टाकले, आणि पाय उचलून स्वतःचं सगळं वजन त्यांच्यावर सोडलं. हँडल हललं नाही. परत सोडलं, झटका देऊन. तिसऱ्यांदा. बोल्ट परत बघितले, फट नखानं चाचपली.

"भावोजी."

"एकदाच परत बघू दे."

"भावोजी, सोडा आता."

त्याचा हात अजून हँडलवर होता. त्यानं त्याच्याकडे बघितलं. मग म्हणाला, "पक्कं." शब्द कोरडा आला, दुसऱ्याच कुणाचा असावा तसा. "ब्रेक वळणाआधी. वळणात नाही. हात खालच्या वाकावर."

"माहितेय."

ती निघाली. पहिल्या वळणाला ब्रेकचा बारीक आवाज आला, आणि मग तोही नाही. तो कठड्यापाशी गेला. इथून खालचा रस्ता तुकड्या-तुकड्यांत दिसत होता आणि मधे डोंगराचे पदर होते. पहिल्या तुकड्यात ती आली आणि गेली. मग रिकामा रस्ता. दगड. वारा. खिशात फोन वाजायला लागला, त्यानं काढला, बायकोचं नाव बघितलं, आणि तो नुसता हातात धरून उभा राहिला. वाजून वाजून तो बंद झाला. परत वाजायला लागला.

खूप खाली, पुलाच्या अलीकडच्या सरळ रस्त्यावर, एक ठिपका आला. ठिपका सरळ रेषेत चालला होता. तिनं वर बघितलं नाही, हात केला नाही. तिचे दोन्ही हात ब्रेकवर होते, एवढ्या लांबूनही त्याला ते तिच्या खांद्यांवरून कळलं. ठिपका पुलावर आला आणि थांबला.

त्यानं फोन कानाला लावला.

"कुठे आहे ती?" बायको ओरडली. "अहो, बोला ना!"

"दिसतेय," तो म्हणाला.